वातड, बुरसलेला आणि शिळा

सांगलीच्या माणसाला साठवण कोणी शिकवावी लागत नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे राहत असे, तासगावकडचा बेदाणा शीतगृहात राहतो, आणि ज्वारी कडक उन्हात वाळवून कडुलिंबाच्या पाल्यासह कोठीत भरण्याचे काम आमच्या घरी माझ्या लहानपणी सणासारखे होत असे. अशा गावात हयात गेलेल्या माणसाला घरी भाजलेला एक पाव चार दिवस धड ठेवता येऊ नये, हे तसे लाजिरवाणेच.

निवृत्तीनंतर हाताला काहीतरी उद्योग हवा म्हणून मी पाव करू लागलो. अर्धा किलो पिठाचा पाव भाजून निघतो तेव्हा पाऊण किलोच्या आसपास भरतो. घरात मी, पत्नी आणि पंच्याऐंशीला टेकलेली आई. तिघांनी मिळूनही तो एका दिवसात संपत नाही. आई तर त्याला अजून 'बेकरीतलं' म्हणते आणि चहात बुडवण्यापुरताच मान देते. त्यामुळे पाव करण्यापेक्षा तो ठेवण्याचाच प्रश्न मोठा झाला.

हळद, बेदाणा, ज्वारी यांची गोष्ट सोपी आहे. ओल काढायची आणि पुन्हा आत शिरू द्यायची नाही. पावाची सगळी गोडी मात्र आतल्या ओलीतच असते, आणि वरच्या कवचाची गोडी कोरडेपणात. म्हणजे एकाच पदार्थाच्या दोन भागांना एकमेकांच्या उलट हवामान हवे असते. ओव्हनमधून काढल्यापासून आतली ओल हळूहळू कवचाकडे सरकत राहते. पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला तर ती बाहेर जाऊ शकत नाही आणि सकाळी कुरकुरीत असलेले कवच रात्री वातड होते. कापडात गुंडाळून ठेवला तर कवच बरे राहते, पण दोन दिवसांत आतला भाग कोरडा पडतो.

पहिल्यांदा मी केलेली चूक आईच्या लगेच लक्षात आली होती. कौतुकाच्या भरात मी गरम पाव स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावले. ती म्हणाली, "अरे, गरम भाकरी डब्यात कोंडली की तिला घाम सुटतो. आधी दुरडीत निवू दे." मी ऐकले नाही. जुलै महिना होता, बाहेर चार दिवस संततधार होती, आणि तिसऱ्या दिवशी झाकणाखाली घामाचे थेंब आणि पावाच्या बुडाला हिरवट-करडे ठिपके दिसले. तेवढाच भाग कापून टाकण्याचा मोह झाला होता. पण मऊ पदार्थात बुरशीचे तंतू दिसणाऱ्या ठिपक्यापेक्षा बरेच खोल गेलेले असतात, म्हणून अख्खा पाव टाकून द्यावा लागला. आता पाव जाळीवर दोन-तीन तास पूर्ण निवल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. आई यावर काही बोलत नाही, फक्त दुरडीकडे बघते.

बुरशीला घाबरून पुढचा पाव मी फ्रिजमध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तो चार दिवसांच्या पावासारखा टणक झाला. पिशवी घट्ट बांधलेली होती, ओल कुठेही गेलेली नव्हती, तरीही! या कोड्याचा छडा माझ्या आधी फार वर्षे लागलेला होता. बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिले होते की पाव हवाबंद ठेवून त्यातले पाणी जराही उडू दिले नाही तरी तो शिळा होतोच, आणि साठ अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवला की बराचसा ताजा होतो. शिळेपणा आणि सुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा शिस्तीने रांगा लावू लागतात आणि पाव घट्ट होत जातो. हे काम गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमके फ्रिजच्या तापमानाला, सर्वांत झपाट्याने चालते.

खरे तर हे आमच्या स्वयंपाकघराला ठाऊकच होते. रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी टणक, मोकळा होतो, आणि फोडणी देऊन वाफ आणली की पुन्हा मऊ पडतो. फोडणीचा भात आयुष्यभर खाऊनही पावाच्या बाबतीत मला ते सुचले नाही.

या सगळ्या खटाटोपात मला गंमत वाटली ती आपल्या शब्दांची. पाव वातड होतो, कुरकुरीत टोस्ट सादळतो, दमटपणात पाव बुरसतो, उन्हाळ्यात तो विटतो, आणि यांपैकी काहीही झाले नाही तरी शिळा होतोच. प्रत्येक शब्दामागे वेगळे कारण आहे आणि उपायही वेगळा. घोटाळा असा की एकाचा उपाय दुसऱ्याला आमंत्रण देतो. विटण्याचा अनुभव मला एकदाच, मे महिन्यात आला. पावाच्या मध्यभागी तापमान जेमतेम शंभर अंशांच्या जवळ जाते, आणि काही जिवाणूंची बीजे तेवढ्यात मरत नाहीत. उकाड्यात ती जागी झाली की पाव आतून चिकट होतो, उतरलेल्या फळासारखा वास येतो आणि मोडताना बिघडलेल्या वरणासारखी तार सुटते. विकतच्या पावात यासाठी आणि बुरशीसाठी बहुधा कॅल्शियम प्रोपिओनेट घातलेले असते. मी उन्हाळ्यात पिठात चमचाभर व्हिनेगर घालतो. आंबटपणा या जिवाणूंना मानवत नाही.

म्हणून आता माझी साठवण ऋतूप्रमाणे चालते. हिवाळ्यात पाव टोकाकडून न कापता मधोमध कापतो, हव्या तेवढ्या चकत्या काढतो आणि उरलेले दोन्ही अर्धे कापलेल्या बाजूंनी एकमेकांना चिकटवून सुती फडक्यात गुंडाळतो, म्हणजे आतला भाग उघडा पडत नाही. दूध-लोणी घातलेला पाव अशाने तिसऱ्या दिवशीही मऊ लागतो. नुसत्या पिठा-पाण्याचा दुसऱ्याच दिवशी तक्रार करतो. पावसाळ्यात आणि मेमध्ये मात्र मी पहिल्या संध्याकाळीच चकत्या करून पिशवीतली हवा दाबून काढतो आणि त्या थेट फ्रीजरमध्ये, मटारशेजारी ठेवतो. उणे अठरा अंशांना स्टार्चची ती रांग लावण्याची धडपड जवळपास थांबते. सकाळी गोठलेली चकती तशीच तव्यावर टाकली की दोन-तीन मिनिटांत मऊ होते, कडाही कुरकुरीत होतात. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात पाव टिकतो आणि खालच्या कप्प्यात शिळा होतो, हे पत्नीला पटवून द्यायला मला आठवडा लागला.

टोकाच्या चकत्या कोणालाच नको असतात. त्या मी मंद आचेवर खडखडीत वाळवतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो. आईला पावाचा हा एकच प्रकार मनापासून आवडतो. दुपारच्या चहाला ती स्वतः उठून डबा उघडते, आणि झाकण मात्र अर्धवट लावते. श्रावणात त्या सादळतात. मग पुन्हा तवा.