तुम्ही विचारलंत म्हणून : बिलावरच्या मोबाइल नंबरचे पुढे काय होते?

नागपुरात मी दुकानांसाठी ग्राहकांच्या माहितीवर चालणारे सॉफ्टवेअर तयार करणारी एक लहान कंपनी चालवतो, हे कळले की लग्नकार्यात असो वा सोसायटीच्या बैठकीत, एक प्रश्न हमखास येतो : "काउंटरवर आमचा नंबर घेतात, त्याचे तुम्ही करता तरी काय?" विचारणाऱ्याला बहुधा वाटत असते की एखादे यंत्र त्याच्या घरात डोकावून बसले आहे. प्रत्यक्षातले काम बरेचसे कारकुनी आहे.

समजा, एका कापड दुकानाच्या सीताबर्डी आणि धरमपेठ येथे शाखा आहेत आणि ऑनलाइन विक्रीही चालते. तिन्हीकडची बिले एकत्र आल्यावर त्यांतली कोणती एकाच व्यक्तीची आहेत, हे ठरवण्यातच आमचा बहुतेक वेळ जातो. एका बिलावर आद्याक्षरांसह आडनाव असते, तर दुसऱ्यावर नुसतेच 'काकू'. गर्दीच्या वेळी कॅशियर नंबर न विचारता दहा वेळा नऊ दाबून मोकळा होतो, आणि ती नोंद वेळीच गाळली नाही, तर सॉफ्टवेअर त्या दहा नवांनाच दुकानाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरवून दिवाळीची खास सवलत देऊ करते. त्याहून अवघड प्रकार म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या खरेदीवर वडिलांचा एकच नंबर असणे. मग सत्तरीतल्या गृहस्थांना कुर्तीच्या नव्या रंगांचे संदेश जातात. (सगळे पॉइंट एकाच खात्यात जमावेत, हा त्यामागचा हिशेब असतो आणि तो रास्तच आहे.) अशा नंबरला आम्ही व्यक्ती न मानता कुटुंब मानतो.

शिफारशीचे गणित त्या मानाने जुने आहे. समान आवडीची माणसे शोधण्याऐवजी एकत्र विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जोड्या लावण्याची पद्धत अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ साली लेखातून मांडली होती, आणि आम्हीही बऱ्याच अंशी तिच्यावरच विसंबतो.

दुकानदाराशी आमचा खरा वाद होतो तो संदेश कधी पाठवू नये यावर. लग्नाचा बस्ता बांधून गेलेल्या कुटुंबाचे बिल एका दिवसात एवढे फुगते की कोणत्याही यादीत ते वर येते, आणि मालकाला त्यांचा पिच्छा पुरवावासा वाटतो; परंतु त्या घरात पुढची मोठी खरेदी पुढच्या कार्यालाच होणार असते. माझ्या मते अशांना गप्प राहून सांभाळणे, हाच या साऱ्या खटाटोपाचा सर्वांत उपयुक्त भाग आहे, जरी तो विकायला सर्वांत कठीण असला तरी.

राहिला तुमच्या हक्काचा प्रश्न. मोबाइल नंबरसाठी ग्राहकाला अडवून धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना केली आहे, आणि त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. तेव्हा नंबर द्यायचा नसेल, तर काउंटरवर तसे सांगून नुसते छापील बिल मागून घ्यावे.