पूर्ण एक मिनिट

"या देशात काही सुधारत नाही हो." आज दिवसभरात तीनदा ऐकलं हे. मला दरवेळी गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 1990च्या दशकात तिथल्या 39 गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेणं सुरू केलं. बालमृत्यूदर, म्हणजे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं, 120च्या घरातून 30च्या आसपास आला.

2011पासून हेच काम देशभर आशाताई करतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जायचं. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग वजन. काखेत थर्मामीटर. आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं की हमखास चुकतं, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थबकतो आणि मग भराभर चालतो. 60 किंवा जास्त भरले, तर बाळ शांत असताना पुन्हा मोजायचे. पुन्हा तेवढेच आले तर लगेच दवाखाना.

1990 साली देशाचा बालमृत्यूदर ऐंशीच्या घरात होता, 2020मध्ये 28. महाराष्ट्राचा 16.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला एका बाळामागे 250 रुपये ठरले, आणि तेही अनेकदा वेळेवर हातात पडत नाहीत. ते आधी द्या.