चमचाभर जवळा आणि अळूची गाठोडी

'वालांग कार्ने' म्हणजे मांस नाही. मी व्हीगन, म्हणजे मांस, मासे, दूध काहीच न खाणारी, म्हणून फिलिपीन्सला जाताना विमानात हे दोन शब्द पाठ केले होते, आणि लेगास्पीत पहिल्याच दुपारी त्यांनी माझी फजिती केली.

मनिलाहून रात्रभराच्या बसने उतरले होते, पोटात कावळे. समोरच खाणावळ. अशा खाणावळीला तिथे 'तुरो-तुरो' म्हणतात, म्हणजे बोट दाखवा आणि घ्या. मी बोट दाखवलं त्या पातेल्यात भोपळा, भेंडी, वांगं, कारलं, चवळीच्या शेंगा. पिनाकबेत. "वालांग कार्ने?" मी विचारलं. "वालांग कार्ने!" बाई हसून म्हणाल्या. दुसऱ्या घासाला वास आला. माझं आजोळ मालवणचं, तिसरा घास घ्यायची गरज पडली नाही. जवळा! बाई खोटं बोलल्या नव्हत्या. आंबवलेल्या बारीक कोळंबीच्या त्या खाऱ्या लगद्याला, बागूंगला, तिथे मांसात कोण धरतो? नुसता भात खाल्ला, वर दोन केळी.

मी व्हीगन झाले तेव्हा आमच्या घरी सगळी भांडणं दुधातुपावरून झाली. वरणावर तूप नाही, जेवणानंतर ताक नाही, चहाचं तर विचारूच नका. फिलिपिनो स्वयंपाकात ती कटकट फारशी नाही, कारण साय आणि लोण्याचं बरंचसं काम तिथे नारळ करतो. खरी ग्यानबाची मेख आहे ती 'साहोग'मध्ये. साहोग म्हणजे भाजीला चव यावी म्हणून टाकलेलं चिमूटभर काहीतरी: डुकराच्या मांसाचे चार तुकडे, सुकी मासळी, बागूंग. वरून पातिस, म्हणजे माशाचं खारं पाणी. मांस ताटात दिसतं तरी, चमचाभर जवळा दिसतही नाही.

काही पदार्थ मात्र सहज वळतात. सिनिगांग हे चिंचेचं आंबट सार तांदळाच्या धुवणात करतात. त्यात मुळा, भेंडी, अळकुड्या आणि कांगकोंगची पालेभाजी असतेच, मासा वगळून पातिसच्या जागी मीठ घातलं की झालं. आदोबोत व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र. मांसाऐवजी केळफूल घालायचं. (व्हिनेगरला तिकडे 'सुका' म्हणतात. "सुका थोडा जास्त घाल" हे वाक्य रस्सा उकळत असताना ऐकलं की मालवणी माणसाचं डोकं गरगरतं.)

पण मी बिकोलला गेले होते ती अळूसाठी. हा प्रांत नारळाच्या दुधाचा आणि मिरचीचा, आणि लेगास्पीजवळचं कामालिग गाव पिनांगातसाठी नावाजलेलं. अळूच्या पानांत सारण भरून, नारळाच्या झावळीच्या पातीने बांधून, नारळाच्या दुधात शिजवलेली गाठोडी. जीपनीतून जाताना वाटेत कागसावा लागतं. मायोन ज्वालामुखीच्या १८१४ च्या उद्रेकात तिथलं चर्च गाडलं गेलं, घंटेचा मनोरा तेवढा वर राहिलाय. खुद्द मायोन चार दिवस ढगात तोंड खुपसून बसला होता.

जिच्या घरी उतरले तिला सगळी गल्ली मानाय म्हणते. बिकोलीत मानाय म्हणजे ताई. तिच्या परसात नारळ खवायचा लाकडी घोडा होता. नाव कुदकुरान, पण 'काबायो', घोडाच, म्हणतात. पुढे दातेरी लोखंडी जीभ, वर बसून खवायचं. मी न सांगता त्यावर बसून खवायला लागले तेव्हा मानायने पहिल्यांदा मला गांभीर्याने घेतलं.

तिचं नेहमीचं सारण कोळंबीचं. आम्ही शहाळ्याची मलई, आलं, कांदा आणि लाबूयो नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या जहाल मिरच्या घेतल्या. खारेपणाचं काय? मानायने कोपऱ्यावरच्या 'सारी-सारी', म्हणजे किराणा दुकानातून ताउसीचा छोटा डबा मागवला. मिठात आंबवलेलं काळं सोयाबीन. वास घेतला, जवळा नव्हे, पण त्याच घराण्यातला.

पहिलं पान मी सवयीने गुंडाळलं. मानाय हसत सुटली. "लुंपिया!" म्हणजे स्प्रिंग रोल. माझी अळूवडी झाली होती. तिची घडी वेगळी: पानं एकावर एक, मध्ये सारण, चारही बाजू आत, मग पातीने घट्ट गाठ. तळाला गवती चहाची जुडी अंथरली (जी मी जन्मभर फक्त चहात पाहिली), आधी पातळ दूध आणि मंद आच. खाज येऊ नये म्हणून मी चिंच काढली, तर तिने माझा हातच धरला. तिचा उपाय एकच: शिजेपर्यंत ढवळायचं नाही. दीड तास आम्ही दोघी झाकणाकडे बघत बसलो. घट्ट दूध शेवटी, तेल सुटेपर्यंत.

घसा खवखवला नाही. चव? मानायने एक घास घेऊन निकाल दिला: "कूलांग." कमी आहे. मलाही तसंच वाटलं. गोडसर, गुळगुळीत, पण मागे काही रेंगाळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताउसी दुप्पट घेतली, लसणीबरोबर आधी परतून ठेचली, अर्धा चमचा दुधातही घातली. या खेपेला ती काही बोलली नाही, भात वाढून घेतला.

तिचा भाऊ शेतावरून आला, दोन गाठोडी सोडली, चवीने खाल्ली आणि तिसऱ्यावर पातिसची बाटली उपडी केली. मानायने त्याच्या हातावर चापट मारली. निघताना तिने चार गाठोडी केळीच्या पानात बांधून दिली. दारातल्या शेजारणीने विचारलं, साहोग काय घातलंय? "ताउसी," मानाय म्हणाली, आणि शेजारीण माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली, जशी आमची मामी माझ्या बिनदुधाच्या चहाकडे बघते.