दोन सर्व्हर, एक डिस्क: माझा अनुभव

एका पतसंस्थेचा पोस्टग्रेस डेटाबेस दोन सर्व्हरवर बसवायचा होता. एक बंद पडला की दुसऱ्याने उचलायचं, स्टोरेज मात्र दोघांना मिळून एकच, आयस्कझीवरचं, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरायला देणारं.

जोडणीत फारसं काही नाही. स्टोरेजवर एलयूएन (सर्व्हरला डिस्कसारखा दिसणारा जागेचा तुकडा) काढला, दोन्ही सर्व्हरना परवानगी दिली, ३२६० पोर्टवर लॉगिन केलं. दोन स्विचमधून दोन वाटा, म्हणून तीच डिस्क दोनदा दिसते. मल्टिपाथ, म्हणजे अशा वाटा एकत्र बांधणारी सोय, लावला की एक होते. फक्त रिप्लेसमेंट टाइमआउट, म्हणजे तुटलेली जोडणी परत येण्यासाठी थांबायचा वेळ, बदलायचा. मुळात तो १२० सेकंद असतो, म्हणजे एक केबल निघाली तरी दोन मिनिटं सगळं ठप्प. मी ५ ठेवला.

खरी डोकेदुखी पुढे. डिस्क दोघांना दिसते म्हणून दोघांनी माउंट करायची (वापरासाठी उघडायची) नसते. एक्सएफएस काय किंवा ईएक्सटी४ काय, डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या या फाइल सिस्टिम. आपल्याशिवाय आणखी कोणी लिहितंय याचा त्यांना पत्ताच नसतो. फाइल सिस्टिमची पार वाट लागते. म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू होताना आपोआप माउंट होणाऱ्या डिस्कच्या यादीत, तिची नोंदच ठेवली नाही. माउंट, डेटाबेस, व्हर्च्युअल आयपी (चालू सर्व्हरकडे सरकणारा नेटवर्क पत्ता) सगळं पेसमेकरच्या हातात दिलं; कुठल्या सर्व्हरवर काय चालवायचं हे तो प्रोग्रॅम ठरवतो.

मग फेन्सिंग, म्हणजे संपर्क तुटलेल्या सर्व्हरला सक्तीने बंद पाडणं. "चालता सर्व्हर आपणच बंद पाडायचा?" साहेबांना हे काही केल्या पटेना. पण दोन सर्व्हरमध्ये निरोप नेणाऱ्या कोरोसिंकचा संपर्क तुटला की समोरचा मेलाय की नुसती केबल निघालीय, हे कळायला मार्ग नसतो. आयपीएमआयवरून (सर्व्हरमधल्याच, दुरून चालू-बंद करायच्या सोयीवरून) त्याला बंद करायचं, बंद झाल्याची खात्री करायची आणि मगच डिस्कला हात लावायचा. स्टोनिथ (पेसमेकरमधलं हेच फेन्सिंग) बंद ठेवून क्लस्टर, म्हणजे ही सर्व्हरची जोडी, चालवा, असा सल्ला सर्रास मिळतो. सामायिक डिस्क असेल तर तो कानाआड करावा.

चाचणीत सर्व्हर हँग केला, हार्टबीटची (कोरोसिंकच्या संपर्काची) केबल काढली, सगळं सुरळीत. मग चालू सर्व्हरच्या पॉवर केबलच उपटल्या आणि गाडी अडली. वीज गेल्यावर त्याचा आयपीएमआयही गेला होता. दुसरा सर्व्हर "बंद हो" म्हणतोय, पलीकडून उत्तर नाही, आणि उत्तराशिवाय पेसमेकर डिस्क माउंट करू देत नाही. त्याचं बरोबरच आहे म्हणा!

उपाय म्हणून नेटवर्कवरून सॉकेट बंद करता येणारा पीडीयू (सर्व्हरना वीज वाटणारी सॉकेटची पट्टी) घेतला आणि फेन्सिंगची दुसरी पातळी म्हणून लावला. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, त्यामुळे दोन्ही सॉकेट आधी बंद आणि मगच चालू, हा क्रम नीट लिहावा लागला. पुन्हा केबल उपटल्या. आधी आयपीएमआयचा एरर आला, मागोमाग पीडीयूचा होकार, आणि डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर उठला.