आमची वाटचाल : ऑपरेटिंग सिस्टीम ओळखण्यापासून फोल्डर ओळखण्यापर्यंत

आमची छोटी कंपनी बॅकअप तपासते. बॅकअप घेण्याची सोय बहुतेकांकडे असते, पण घेतलेली प्रत मूळ फाइलींशी जुळते का हे वेगळं बसून पाहणारे थोडे. ते काम करणारं साधन आम्ही बनवतो आणि पहिल्यापासून हास्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेतच लिहितो. फाइलींच्या दोन याद्या घ्यायच्या आणि त्यांतला फरक सांगायचा, एवढंच मूळ काम. त्यात बाहेरचं काही बदलत नाही, त्यामुळे ते शुद्ध फंक्शन म्हणून लिहिता येतं आणि क्विकचेक या चाचणीच्या लायब्ररीने हजारो बनावट याद्या देऊन घासूनपुसून तपासता येतं. ज्या साधनाच्या भरवशावर दुसऱ्यांचा भरवसा ठरणार, ते असंच लिहिलेलं असावं, हे माझं आजही मत आहे.

सुरुवातीचे ग्राहक लिनक्स सर्व्हरवाले होते, तेव्हा सगळं सरळ होतं. मग विंडोजवाले आले, त्यांच्यामागून मॅकवाले. आणि प्रोग्रामला स्वतःलाच विचारायची वेळ आली : आपण आत्ता कुठे चालतोय?

हास्केलमध्ये याचं तयार उत्तर आहे. सिस्टम.इन्फो या मॉड्यूलमधलं ‘ओएस’ लिनक्सवर ‘लिनक्स’ सांगतं, मॅकवर ‘डार्विन’ आणि विंडोजवर ‘मिंगडब्ल्यू३२’. हे शेवटचं नाव नव्या माणसाला हमखास चकवतं. जीएचसी हा कंपायलर विंडोजवर ज्या साधनसंचाच्या आधाराने चालतो, त्याचं ते नाव आहे, आणि मशीन ६४ बिटचं असलं तरी त्यातला ३२ हलत नाही. म्हणून ‘नावात विन आहे का’ असं शोधणारा कोड नेमका उलटा चालतो : डार्विनमध्ये ‘विन’ सापडतं, ‘मिंगडब्ल्यू३२’मध्ये सापडत नाही. कोणी नवीन रुजू झालं की हे उदाहरण आम्ही आवर्जून दाखवतो.

त्याहून महत्त्वाचा आहे तो या उत्तराचा टाइप, म्हणजे ते कोणत्या प्रकारचं मूल्य आहे हे. तो नुसता स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आहे, आयओ स्ट्रिंग नाही. हास्केलमध्ये बाहेरच्या जगाला विचारून आणलेलं उत्तर आयओमध्ये येतं. इथे आयओ नाही, म्हणजे कोणाला काही विचारलेलंच नाही. प्रोग्राम ज्या प्लॅटफॉर्मसाठी कंपाइल झाला, त्याचं नाव आत कोरलेलं असतं, तेच बाहेर येतं. शेजारचं, प्रोसेसरचा प्रकार सांगणारं ‘आर्क’ही तसंच. २०२० पासूनच्या ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर इंटेलसाठी बांधलेला प्रोग्राम रोझेटा या ॲपलच्या भाषांतरकर्त्यामधून चालवला, तर तो स्वतःला इंटेलवरच समजतो. लिनक्सचं कुठलं वितरण आहे हे हवं असेल तर इटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज ही फाइल वाचावी लागते, आणि ते काम अर्थातच आयओमध्ये. एवढी माहिती टाइपच्या एका ओळीत वाचता येते, म्हणून ही भाषा मला इतकी आवडते.

इतर फंक्शनल भाषांची उत्तरंही पाहण्यासारखी आहेत. एर्लांग जोडीने सांगतं : युनिक्स आणि लिनक्स, युनिक्स आणि डार्विन, किंवा विन३२ आणि एनटी. ओकॅमल फक्त युनिक्स, विन३२ किंवा सिगविन म्हणतं. मॅक आणि लिनक्स त्याच्या लेखी एकच. बहुतेक प्रोग्रामना एवढाच फरक पुरतो.

हे नाव हातात आल्यावर त्याचं करायचं काय, इथे आमच्याकडे बरीच चर्चा झाली. प्रचलित रीत म्हणजे प्रीप्रोसेसरच्या, म्हणजे कंपाइल होण्याआधी कोड गाळणाऱ्या पायरीच्या, अटी : विंडोज असेल तर हा तुकडा, नाहीतर तो. पण लिनक्सवर बसून काम करताना विंडोजचा तुकडा कंपायलरच्या नजरेसच पडत नाही. त्यातली टाइपची चूक विंडोजवर कंपाइल करेपर्यंत झाकलेली राहते. ज्या पहारेकऱ्यासाठी ही भाषा निवडली, त्यालाच अर्ध्या घरात बंदी करण्यासारखं झालं.

म्हणून आम्ही ‘प्लॅटफॉर्म’ नावाचा एक साधा डेटा टाइप केला : लिनक्स, मॅक, विंडोज. ‘ओएस’ची स्ट्रिंग मेनमध्ये एकदाच वाचायची, तिचा हा टाइप करायचा आणि पुढे तोच हातोहात द्यायचा. ज्या सिस्टीम कॉलना पर्याय नाही तेवढ्यांपुरत्या प्रीप्रोसेसरच्या अटी ठेवल्या, त्याही एका छोट्या मॉड्यूलमध्ये. पुढे एका ग्राहकाला फ्रीबीएसडी हवं झालं, तेव्हा टाइपमध्ये चौथं नाव घातलं. एखादा पर्याय हाताळायचा राहिला तर कंपायलर देतो ती अपुऱ्या पॅटर्नची सूचना आम्ही एररच्या दर्जाची ठेवली आहे, त्यामुळे जिथे जिथे निर्णय घ्यायचा होता ती प्रत्येक जागा कंपायलरने काढून दिली.

खरा फायदा मात्र व्यवसायात दिसला. प्लॅटफॉर्म ही एक साधी किंमत झाल्यावर ती ‘मी कुठे चालतोय’ एवढ्यापुरती उरली नाही; ‘ही यादी कुठून आली’ हेही तीच सांगू लागली. विंडोजच्या यंत्रावर तयार झालेली यादी लिनक्स सर्व्हरवर तपासता येऊ लागली. हास्केलच्या फाइलपाथ लायब्ररीत विंडोज आणि पॉझिक्स (म्हणजे लिनक्स-मॅकची) या दोन्ही पद्धतींची मॉड्यूल्स सगळीकडे मिळतात, त्यामुळे विंडोजचे उलट्या तिरक्या रेघांचे पाथ लिनक्सवरही नीट उलगडतात. ग्राहकांना कार्यालयातल्या प्रत्येक यंत्रावर काही बसवण्याची गरज राहिली नाही, आणि आमचं काम वाढलं ते इथून.

आता आम्ही ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव आणखी कमी विचारतो. फाइलच्या नावात लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी धरायची का, हे पूर्वी प्लॅटफॉर्मवरून ठरवता यायचं. पण विंडोज १० मध्ये २०१८ पासून एकेका फोल्डरला हा भेद चालू करता येतो, मॅकची डिस्क दोन्ही प्रकारे फॉरमॅट होते, आणि लिनक्सच्या ५.२ कर्नलपासून, म्हणजे २०१९ पासून, ईएक्सटी४ या तिथल्या फाइल सिस्टीममध्येही भेद न पाळणारी फोल्डर्स करता येतात. तेव्हा आम्ही फोल्डरलाच विचारतो. बॅकअपची डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते, त्यामुळे चाचणीची फाइल तिथे लिहिता येत नाही. मग दोन नावांत फक्त लहान-कॅपिटलचाच फरक दिसला तर भेद पाळला जातो हे उघड आहे. तसं नसेल तर असलेलीच एक फाइल घ्यायची, नावातली लहान अक्षरं कॅपिटल आणि कॅपिटल लहान करायची आणि त्या नावाने ती उघडते का पाहायचं. उघडली तर भेद नाही, न उघडली तर आहे. फोल्डरमधल्या सगळ्या नावांत नुसते आकडे किंवा देवनागरी अक्षरं असतील, तर हा प्रश्न विचारताच येत नाही. म्हणून या उत्तराच्या टाइपमध्ये ‘ठरवता आलं नाही’ हा तिसरा पर्याय आहे, आणि अहवालातही आम्ही तसंच छापतो.

सध्या काम चालू आहे ते विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्यांसाठी. तिथे आमचा प्रोग्राम स्वतःला लिनक्स म्हणवतो आणि ते बरोबरच आहे, पण समोरची डिस्क विंडोजची असू शकते. फोल्डरला विचारण्याची पद्धत तिथेही लागू पडते; राखीव नावं आणि उघड्या फाइलींवरची कुलपं याबद्दलचे प्रश्न त्याच पद्धतीत बसवणं बाकी आहे.