विलंबाचे कारण

अर्जाचा तिसरा परिच्छेद सोडला, तर बाकीचा सगळा अर्ज एका संध्याकाळी लिहून झाला होता. पहिल्या परिच्छेदात मामांचा सैन्यातला नंबर, हुद्दा, नाव आणि भरतीची व सेवामुक्तीची वर्षे होती. दुसऱ्यात १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, त्या डिसेंबरात, ते कुठे होते आणि म्हणून पूर्वी स्टार व संग्राम मेडल ही दोन पदके त्यांना का मिळायला हवीत, हे होते. तिसऱ्यात विलंबाचे कारण द्यायचे होते, आणि ते लिहायला आम्हाला जवळजवळ चार महिने लागले.

मामा कळव्याला खारेगावात राहतात आणि मी ऐरोलीत, त्यामुळे ते चार महिने दर रविवारी ठाण्याला जाऊन तिथून एक स्टेशन पुढे, असा माझा प्रवास ठरून गेला होता. मामांचे गाव सातारा जिल्ह्यातले. त्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो, तसे मामाही १९६६ साली एकोणिसाव्या वर्षी भरती झाले आणि वैद्यकीय कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट झाले. थोरला भाऊ अचानक गेल्यावर घर सांभाळायला कोणी उरले नाही, म्हणून १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच्या विनंतीवरून फौज सोडली. नऊ वर्षांच्या नोकरीला पेन्शन नव्हते. पुढची तीस वर्षे त्यांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत काढली. तिथल्या कामगारांनी त्यांना हातावर पट्टी फार घट्ट बांधणारा माणूस म्हणून ओळखले. ते युद्धावर जाऊन आले आहेत, हे फारच थोड्यांना माहीत असावे.

पदक म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर परमवीर चक्र किंवा वीर चक्र येते, म्हणून इथे थोडे थांबून सांगायला हवे. मामा जे मागत होते ते शौर्यपदक नव्हे. १९७१ च्या युद्धासाठी पूर्व आघाडीवरच्या सैनिकांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार आणि त्यांहून व्यापक क्षेत्रात सेवा बजावणाऱ्यांना संग्राम मेडल देण्यात आले. या पदकांसाठी कोणी काय पराक्रम केला हे पाहिले जात नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या क्षेत्रात, ठरलेल्या तुकडीबरोबर तुम्ही होता की नव्हता, एवढेच पाहिले जाते. एका अर्थी तो हजेरीचा दाखला आहे. (पदकाच्या नावातला ‘पूर्वी’ हा शब्द हिंदीतला, दिशा सांगणारा. मराठी माणसाला मात्र तो ‘एके काळी’ असाच ऐकू येतो, आणि पन्नास वर्षांनंतर अर्ज करणाऱ्याला तो तसा ऐकू येणे फारसे चुकीचेही नाही.)

मामांचे नाव राहून गेले ते अटॅचमेंटमुळे. युद्धाच्या तोंडावर त्यांना त्यांच्या मूळ तुकडीतून काढून ब्रह्मपुत्रेच्या दिशेने जाणाऱ्या एका फील्ड अँब्युलन्सबरोबर, म्हणजे आघाडीवर जखमींवर उपचार करणाऱ्या वैद्यकीय तुकडीबरोबर, जोडण्यात आले होते. सैनिकाच्या आयुष्यात जे काही घडते, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, पदक, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे तुकडीच्या नोंदींच्या अधिकृत आदेशात, छापले गेले तरच त्याच्या कागदपत्रांत उतरते, आणि पदकासाठी नावांची यादी तुकडीने पाठवावी लागते. मूळ तुकडीने गृहीत धरले की हा जवान तिकडे होता, तर तिकडचे लोक नाव पाठवतील; तिकडच्यांनी गृहीत धरले की हा आपला नव्हेच. दोघांचेही समजणे व्यवहाराला धरून होते. कोणत्या तुकडीची चूक जास्त, हे शोधण्यात मामांना रस नव्हता आणि मलाही नाही, त्यामुळे त्यांची नावे मी इथे देत नाही.

खरी अडचण कळली ती माहिती अधिकाराच्या अर्जामुळे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून मी सैनिकांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या अभिलेख कार्यालयाला विचारले की या नंबरच्या जवानाच्या नावावर कोणकोणती पदके नोंदलेली आहेत. कायद्यात उत्तरासाठी तीस दिवस दिलेले आहेत, आणि उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आले, हे आवर्जून सांगतो, कारण उत्तर देणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. पत्र छोटे होते. लाँग रोलमध्ये, म्हणजे जवानांच्या कायमच्या नोंदवहीत, भरती आणि सेवामुक्तीच्या नोंदी सापडल्या. बाकीची सेवा-कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत. पदकांची नोंद उपलब्ध नाही.

नियम असा आहे की पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या जवानाची कागदपत्रे २५ वर्षे सांभाळली जातात आणि नंतर नष्ट होतात. कायम राहतो तो लाँग रोल, आणि त्यात एका माणसाच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. १९७५ मध्ये पंचवीस मिळवले की २००० साल येते. म्हणजे मामा कारखान्यात पाळीला जात होते, मुलीच्या लग्नासाठी सोसायटीचे कर्ज काढत होते, त्या सुमारास कधीतरी त्यांच्या युद्धाचा सरकारी पुरावा संपला. लाखो माणसांचे कागद कुठे ठेवायचे, हा प्रश्न खरा आहे, हे मला मान्य आहे. परंतु कागद नष्ट करण्यापूर्वी त्या माणसाला एक पोस्टकार्डही जात नाही, आणि नंतर त्याच्याकडेच पुरावा मागितला जातो व वर उशीर का केला असे विचारले जाते, हे मात्र मला पटत नाही.

मामांजवळ डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक, होते. २६ जुलै २००५ च्या पुरात त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत कमरेएवढे पाणी होते आणि ट्रंक त्या पाण्यात रात्रभर होती. मामींनी पुस्तकाची पाने एकेक सुटी करून पंख्याखाली वाळवली, त्यामुळे त्यातले निम्मेअधिक आजही वाचता येते. पदकांच्या रकान्यात स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या पदकाची नोंद स्पष्ट दिसते. ते पदक १९७२ मध्ये तेव्हा सेवेत असलेल्या सर्वांना मिळाले होते. त्याखाली शाई पसरलेली आहे. तिथे पूर्वी काही लिहिले होते की नाही, हे मामा शपथेवर सांगायला तयार नव्हते.

मग माणूस शोधायचा ठरला. ठाण्यातल्या एका माजी सैनिकाने साताऱ्याकडच्या ओळखीतून कोरेगाव तालुक्यातले एक गृहस्थ शोधून दिले. ते त्याच अँब्युलन्समध्ये स्ट्रेचर उचलणारे होते, पुढे पूर्ण नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्याजवळ दोन्ही पदके आहेत. फोनवर दोघे पहिली पाच मिनिटे एकमेकांना ‘कोण? कोण?’ एवढेच विचारत होते. नंतर समोरून कुणातरी हवालदाराचे टोपणनाव उच्चारले गेले आणि मामा एकदम हसायला लागले. मी बाहेर जाऊन बसलो.

सुभेदारांनी प्रतिज्ञापत्र करून द्यायचे कबूल केले, आणि इथे एक पेच उभा राहिला. नदी ओलांडली ती रात्र मामांच्या आठवणीप्रमाणे ८ डिसेंबरची, सुभेदारांच्या आठवणीप्रमाणे ७ ची. कोर्टनाक्यावरच्या नोटरीने आपल्या अनुभवातून सल्ला दिला की दोन्ही कागदांवर एकच तारीख घाला, म्हणजे प्रश्नच उद्भवणार नाही. व्यवहारात हा सल्ला शहाणपणाचा होता. मामांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, “त्याला सात आठवते, तर त्याने सात लिहावे. मला आठ आठवते.” मी म्हणालो, “मामा, एका दिवसाने काय फरक पडतो?” त्यावर ते म्हणाले, “फरक पडत नाही, तर मग बदलायचे कशाला?”

माझ्या परीने मी छापील इतिहास पाहिला. त्या आघाडीवर कमालपूरचे पाकिस्तानी ठाणे ४ डिसेंबरला शरण आले. पुढे ब्रह्मपुत्रेपलीकडे जमालपूर होते आणि तिथे ३१ बलुच ही पलटण होती. ९ डिसेंबरला भारतीय ब्रिगेडियर एच. एस. क्लेर यांनी तिच्या कमांडिंग अधिकाऱ्याला, म्हणजे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना, शरण येण्याविषयी पत्र पाठवले. त्यांचे उत्तर आले ते बंदुकीच्या गोळीसह. १० च्या रात्री बलुच पलटणीने दक्षिणेकडे फोडून निघण्याचा प्रयत्न केला आणि त्या रस्त्यावर मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, आडवी बसलेली होती. सकाळपर्यंत तो प्रयत्न मोडला आणि ११ ला जमालपूर पडले. त्याच दिवशी पुढे टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरले. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

हे सारे मी मामांना वाचून दाखवले. पत्राची आणि गोळीची गोष्ट त्यांनी तेव्हा ऐकलीच नव्हती. ती त्यांना नंतर कुणा मासिकात वाचायला मिळाली होती. १० च्या रात्रीबद्दल ते एवढेच म्हणाले की उजाडेपर्यंत पट्ट्या संपल्या होत्या आणि शेवटी आणलेल्यांत पलीकडचेही जवान होते. त्यांना बांधायला मच्छरदाण्या फाडल्या. मी हे दुसऱ्या परिच्छेदात घातले होते. त्यांनी ते काढायला लावले. त्याच परिच्छेदात मी लिहिलेल्या ‘शौर्याने सेवा बजावली’ या शब्दांवरही त्यांनी काट मारली आणि म्हणाले, “हजर होतो, एवढेच लिही. पदक त्याचेच आहे ना?”

कायद्याच्या बाजूने उशिराचा प्रश्न कसा पाहिला जातो, हे एका वकील मित्राला विचारले. पेन्शनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेमसिंग प्रकरणात सांगितले आहे की दर महिन्याला चालू राहणारा अन्याय उशिरामुळे संपत नाही, मात्र थकबाकी सामान्यतः तीन वर्षांपुरतीच मिळते. उशिराची शिक्षा म्हणजे पैसे कापणे. पण इथे कापायला पैसेच नव्हते. या पदकांना मानधन नाही, भत्ता नाही, नोकरीत आरक्षण नाही. मामा मागत होते ते धातूचे दोन तुकडे, ज्यांच्यावर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. मला वाटते, अशा मागणीला उशीर झाला म्हणून कोणाचे काही बुडत नाही. तरीही कारणाचा परिच्छेद रिकामा सोडता येत नाही.

पहिल्या मसुद्यात मी ‘अज्ञान व आर्थिक अडचणी’ असे लिहिले. सरकारी अर्जांत हे चालते. मामांनी चष्मा काढला. “अज्ञान कसले? मला ठाऊक होते की पदक बाकी आहे.” दुसऱ्या मसुद्यात मी प्रसिद्धीपासून दूर राहण्याच्या त्यांच्या स्वभावाबद्दल दोन वाक्ये लिहिली होती, ती वाचून मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या की हे कुणाबद्दल आहे?

खरे कारण तुकड्यातुकड्यांनी बाहेर आले. फौज सोडताना कारकुनाने त्यांना सांगितले होते की पदके अजून आलेली नाहीत, आली की गावच्या पत्त्यावर डाकेने येतील. ते ठाण्याला आल्यावरही दर दिवाळीला गावच्या पोस्टमनला विचारत, पुढे पुढे तो त्यांना बघूनच मान हलवायचा. १९८० च्या आसपास त्यांनी विचारणे सोडले. त्यानंतर संकोच आला, आणि तो नुसता मागण्याचा संकोच नव्हता. पेन्शनीत निघालेल्या माणसांच्या गावात नऊ वर्षांत परत आलेला माणूस अर्धवट फौजी समजला जातो. महिन्याच्या सुरुवातीला बँकेसमोर पेन्शनवाल्यांची रांग लागते, तिच्यात मामा कधीच नव्हते. सासऱ्यांनी एकदा चारचौघांत ‘आमचे जावई सुट्टीवर गेले ते परत गेलेच नाहीत’ असे थट्टेने म्हटले होते, ते त्यांना शब्दाशब्दाने आठवते. सेवामुक्तीच्या कागदावर ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे लिहिलेल्या माणसाने आणखी एक विनंती कुठल्या तोंडाने करायची, असे त्यांना वाटत राहिले.

युद्धाला पन्नास वर्षे झाली तेव्हा जवळच्या एका संकुलात त्या युद्धातल्या सैनिकांचा सत्कार होता. आयोजकांनी मामांना अगदी सौजन्याने विचारले की काही पुरावा असेल तर आणा. मामा घरी आले, ट्रंक उघडून बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला.

हे सगळे अर्जात बसत नाही, आणि सासऱ्यांचे वाक्य तर नाहीच. शेवटी तिसरा परिच्छेद मामांनी स्वतः सांगितला आणि मी तो हिंदीत उतरवला. त्यांनी ‘उशीर’ म्हटले, मी ‘विलंब’ लिहिले. ‘संकोच’ दोन्ही भाषांत तोच राहिला. “पदक डाकेने येईल असे मला सांगण्यात आले होते. मी वाट पाहिली. नंतर मागण्याचा संकोच वाटला, म्हणून उशीर झाला.” वकील मित्राच्या मते हे कारण दुबळे आहे. आम्ही तेच ठेवले.

दोन वेगवेगळ्या तारखांची दोन प्रतिज्ञापत्रे, डिस्चार्ज बुकच्या वाचता येणाऱ्या पानांच्या प्रती आणि लाँग रोलचे पत्र, असा जाडसर लखोटा गेल्या महिन्यात स्पीड पोस्टाने गेला. सहीखाली नंबर लिहिताना मामांना कागद बघावा लागला नाही. लखोटा पोचल्याचे संगणकावर दिसते. कार्यालयाची पोच अजून आलेली नाही. पत्रव्यवहारासाठी पत्ता कोणाचा द्यायचा, असे मी विचारले तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून ऐरोलीचा, माझा, द्यायला सांगितला.