ग्लेन रॉयचा सांडवा

एडिंबराचे तीन दिवस पावसात आणि किल्ल्याच्या रांगेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते ग्लेन रॉय या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या दरीबद्दल.

रॉयब्रिज गावातून एक चिंचोळा रस्ता दरीत शिरतो. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यायची, आणि ते कुणीतरी दर वेळी आमचे भावोजीच. वरच्या थांब्यावर मी उतरले आणि माझ्या तोंडातून निघालं, "अगं ताई, सीसीटी!"

आमचे बाबा कृषी खात्यात होते. उघड्या डोंगरांवर पाणी अडवायला सलग एकाच उंचीवरून समतल चर, म्हणजे सीसीटी, काढून घेण्यात त्यांची हयात गेली. इथे दरीच्या दोन्ही अंगांना तस्सेच तीन पट्टे, पाणनळी लावून आखल्यासारखे: 260, 325 आणि 350 मीटरवर. मैलोन्‌मैल, कुठे वर नाही की खाली नाही.

पूर्वी लोक म्हणायचे, दंतकथेतल्या फिंगल राजाने शिकारीसाठी केलेले रस्ते. 1838 मध्ये डार्विन आला, आठ दिवस तंगडतोड केली आणि ठरवलं, हे समुद्राचे जुने किनारे. त्याचं तरी काय चुकलं? चिलीमध्ये शिंपल्यांसकट वर उचलले गेलेले किनारे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. इथे एक शिंपला मिळेना, पण तो का मिळत नाही याचंही उत्तर त्याच्याकडे तयार! 1840 मध्ये आगासी आला. आल्प्समधल्या हिमनद्यांत मुरलेला माणूस. तो म्हणाला, दरीच्या तोंडाशी बर्फाचा बांध होता आणि मागे तळं तुंबलं होतं.

हे मला लग्गेच पटलं, कारण धरण म्हटलं की सांडवा आलाच. तळ्याचं जादा पाणी ज्या खिंडीतून सांडायचं, तिच्याच उंचीला काठ झिजला. बर्फ पुढेमागे सरकला, सांडवा बदलला, की नवा काठ. डार्विनने मात्र वीसेक वर्षं समुद्र सोडला नाही. जेमिसन या भूगर्भशास्त्रज्ञाने या खिंडी तपासल्यावर, 1861 मध्ये, डार्विनने आपल्या भूगर्भशास्त्रज्ञ मित्राला, लायेलला, कळवलं की आपला या दरीवरचा निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत घोडचूक होता. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून समुद्र, असा त्याचा हिशेब होता.

हे सगळं मी भावोजींना रंगवून सांगत होते, पण वारा पडला आणि चिलटं आली. डोळ्यांत, कानांत, केसांच्या भांगात. आदल्या दिवशी दुकानात जाळीची टोपी हातात घेऊन "आम्ही कोकणातले, आम्हाला काय डास नवीन!" म्हणत परत ठेवणारी मीच. ताई टोपी घालून निवांत चहा पीत होती आणि मी गाडीच्या काचा वर करून आत.

तिथूनच बाबांना फोटो पाठवला. रात्री उत्तर आलं: "लेव्हल उत्तम. पण दोन चरांत अंतर फार ठेवलंय. कोणत्या खात्याचं काम?"